नरड्यातली निवटी

मुर्धा गावात दगडू भोईरची शिवी न खाल्लेला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि ती खाऊन रागावलेला तर मुळीच नाही. खाडीत जाळं टाकून आयुष्य काढलेल्या या माणसाच्या तोंडी शिवी विशेषणासारखी यायची. चांगल्या चहाला एक, पाणचट चहाला दुसरी. गावाला त्याचं कौतुक होतं, कारण होळी पेटली की पहिली बोंब दगडूची असे. आधी तीन शिव्या, मग बोंब, हा क्रम त्याच्या बापापासून चालत आलेला. पहिली शिवी सरत्या वर्षाला, दुसरी समस्त गावकऱ्यांना आणि तिसरी त्या वर्षात ज्यानं गावाचं वाकडं केलं असेल त्याला: ‘तुज्या नरड्यात निवटी नाचो.’ निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुणणारी बोटभर मासळी. ती नरड्यात नाचली तर काय होईल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. मिठागर बुजवणाऱ्या एका बिल्डरला ही निवटी लागोपाठ तीन शिमगे पोचली, आणि त्याचा टॉवर अजून अर्धवट उभा आहे. गाव त्याचं श्रेय कोर्टाला देत नाही.

गेल्या पावसाळ्यात दगडूच्याच नरड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज जाईल.

“उलटा न्हाय का करता येनार?” दगडूनं विचारलं.

त्याची एकुलती एक मुलगी समिधा अंधेरीच्या एका कंपनीत फोनवरची ॲप बनवायची. तिनं आधी पोटभर रडून घेतलं आणि मग बापाला स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, ऑफिसच्या लॅपटॉपपुढे बसवलं. “बाबा, रोज जे जे बोलता ते सगळं बोला.” दगडूनं चहा मागितला, अंघोळीचं पाणी मागितलं, ओहोटीची वेळ सांगितली, बायकोला हाका मारल्या. शिव्यांची पाळी आली तेव्हा शेजारपाजारचे दारात जमले आणि फर्माइशी करू लागले. होळीच्या तिन्ही शिव्या त्यानं उभं राहून दिल्या. बसून त्या निघत नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं.

ऑपरेशन झालं. समिधानं त्या आवाजांचं एक साधं ॲप केलं: चित्रावर बोट ठेवलं की दगडू बोलतो. घरी आल्यावर त्यानं पहिलं बोट कपाच्या चित्रावर ठेवलं. “मंदा, चाय आन गो,” फोन म्हणाला. मंदा, म्हणजे त्याची बायको, शेगडीशी उभी होती ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “साकर संपलीय. आनि वराडतंस कशाला?” घर पुन्हा घरासारखं झालं.

आता फोनविषयी. तो समिधानंच आपल्या पहिल्या बोनसमधून बापाला घेऊन दिलेला, महागडा. मुर्ध्यातला तसला पहिला फोन आपला, हे दगडूनं आवाज होता तोवर सगळ्या गावाला ऐकवलं होतं. पण तो फोन बनवणारी परदेशातली कंपनी म्हणजे जुन्या वळणाची सासू. फोन तुमचा, पैसे तुमचे, कोठीच्या किल्ल्या मात्र तिच्या कमरेला. ॲप तिच्या दुकानातून आलं तरच फोनमध्ये कायमचं नांदणार. स्वतः बनवून स्वतःच घातलं, तर ते म्हणे ‘चाचणीसाठी’, आणि आठवड्यानं आपोआप बंद. ते पुन्हा घालायलाही त्याच कंपनीचा कॉम्प्युटर हवा. तो समिधाकडे ऑफिसचा होता म्हणून निभावलं. दर रविवारी ती वायर जोडून बसायची आणि मंदा आतून विचारायची, “आवाज भरला का गो?”, जसं पाण्याचं विचारावं तसं.

एखाद्या रविवारी उशीर झाला की दगडू कपाच्या चित्रावर बोट आपटत बसे आणि फोन गप्प. त्या वेळी बापाच्या डोळ्यांत जे दिसायचं ते समिधाला बघवत नसे. स्वस्तातला दुसरा फोन घेऊन त्याच्यासाठी सगळं नव्यानं लिहिते, असं ती एकदा म्हणाली. ॲपमध्ये नसलेलं सांगायला दगडूनं एक पाटी ठेवली होती, ती ओढून त्यानं खडूनं लिहिलं, ‘मुका झालो, भिकारी न्हाय.’

तेव्हा तिनं कंपनीच्या दुकानात रीतसर अर्ज केला. पहिलं उत्तर आलं: ॲपमध्ये आक्षेपार्ह भाषा आढळली. कुठली, त्याची यादीही जोडली होती. समिधानं शिव्या काढल्या. दगडूनं नवं ॲप उघडलं, वरखाली केलं आणि पाटीवर लिहिलं, ‘निवटी?’

“कंपनीनं काढायला लावली, बाबा.”

दगडूनं पाटी पुसली.

दुसरं उत्तर आलं: हे ॲप फारच थोड्या लोकांच्या उपयोगाचं दिसतं. समिधानं कळवलं, एकाच्याच उपयोगाचं आहे, तो माझा बाप आहे. तिसरं उत्तर तर फ्रेम करून भिंतीवर लावावं असं होतं. हा आवाज दुसऱ्या व्यक्तीचा असल्यानं, त्या व्यक्तीनं स्वतःच्या आवाजात संमती दिल्याची ताजी ध्वनिफीत पाठवावी. समिधानं ते बापाला वाचून दाखवलं. दगडूचे खांदे गदगदा हलायला लागले. बाप रडतोय की काय म्हणून ती घाबरली, पण तो हसत होता. आवाज गेल्यापासून तो हसला तो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही कंपनीच्या कृपेनं.

त्या रविवारी तिनं दुकानाचा नाद सोडला आणि शिव्या परत ॲपमध्ये घातल्या. घरात दर रविवारच्या वायरीचं राज्य तसंच चालू राहिलं.

होळी जवळ आली तसा गुणवंत घरी आला. दगडूचा चुलतभाऊ, गळ्यात उपरणं, पुढच्या निवडणुकीवर डोळा. “दादा, आराम कर तू. या वर्सी बोंब मी मारतो. आता नव्या टॉवरांत रावाला आलेली लोकं पन येतान बघाला. जरा सभ्य बोंब मारू.”

दगडूनं फोनवर बोट ठेवलं. “भाडखाव, उठ हितनं,” फोन खणखणीत म्हणाला. गुणवंत चहा अर्धा टाकून उठला, पण जाता जाता दारातून म्हणाला, “फोन बंद पडला त मंग बघू.”

त्या दिवसापासून दगडूनं दुसरा विचार केला नाही. फोन होळीच्या मंडळाच्या भोंग्याला जोडायचा, होळीपुढे उभं राहायचं आणि चित्रांवर बोट ठेवायचं. चाळीस वर्षं ज्या जागी उभा राहिलो, त्या जागी एकदा आपल्या आवाजात उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. समिधाला ते ठाऊक होतं, आणि म्हणून तिला धास्ती होती.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आता आला. होळी सोमवारी, आणि आदल्या शुक्रवारी समिधाच्या ऑफिसनं सुरक्षेच्या नावाखाली सगळे लॅपटॉप बंदिस्त करून टाकले. रविवारी तिनं वायर जोडली तर लॅपटॉप बापाच्या फोनला ओळखच देईना. निदान रेकॉर्डिंग तरी आईच्या फोनवर घ्यावीत म्हणून ती स्वतःलाच पाठवू लागली. पडद्यावर मनाईची लाल पट्टी आली. तिनं दुसरी वाट काढली, तिसरी काढली. मग लॅपटॉपला संशय आला आणि त्यानं स्वतःला कुलूप लावून घेतलं. बापाचा सगळा आवाज आत. दुसरीकडे कुठेच प्रत ठेवली नव्हती. दिवसभर लोकांना ‘बॅकअप घ्या’ सांगणाऱ्या बाईनं हे करावं, याला काय म्हणायचं? ॲप वाजवून दुसऱ्या फोनवर टिपून घ्यावं हे सुचेपर्यंत तिन्हीसांजेला तेही विझलं.

सोमवारी सकाळीच ती ऑफिसात दिपेशपुढे उभी राहिली. लॅपटॉपची कुलपं त्याच्या ताब्यात.

“पॉलिसी आहे ना, यार. टिकट टाक. अप्रूव्हल बेंगळुरूवरून येणार.”

“दिपेश, माझ्या बापाचा आवाज अडकलाय आत.”

“हां, तर कारणाच्या रकान्यात तसंच लिही.” त्यानं खरंच गंभीरपणे सांगितलं. तो वाईट नव्हता. त्याच्या हातात किल्ली नव्हती, जुडग्याची नुसती रिकामी कडी होती.

तिनं तसंच लिहिलं. मंजुरी आली, पण वरातीमागून घोडं यावं तशी, धुळवड उलटून गेल्यावर. सोमवारी संध्याकाळी ती रिकाम्या हातानं मुर्ध्याला उतरली तेव्हा होळीचा खांब उभा राहिला होता, बायका नैवेद्याची ताटं घेऊन निघाल्या होत्या आणि दगडू नवा सदरा घालून ओट्यावर बसला होता. मांडीवर फोन.

“बाबा, नाही झालं,” ती म्हणाली.

दगडूनं मान हलवली. मग तो उठला आणि तरीही निघाला.

होळी पेटली. गाव गोल करून उभं राहिलं. मागे टॉवरवालेही होते, मोबाइल उंच धरून. दगडू आपल्या जागी गेला. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, आणि गुणवंत उपरणं सारखं करत एक पाऊल पुढे. दगडूनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं पालथी मूठ ओठांवर मारली, एकदा, दोनदा, तशीच, बिनआवाजाची. कुणीतरी चुकचुकलं, आणि ते समिधाला गुणवंतापेक्षाही जास्त लागलं.

ती पुढे गेली. मुर्ध्यात बाईमाणसानं बोंब मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण त्या शिव्या तिनं हेडफोन लावून इतक्यांदा ऐकल्या होत्या, कापल्या होत्या, जोडल्या होत्या, की बाप कुठे दम खातो आणि कुठे आवाज चढवतो ते तिला पाठ होतं. तिनं सरत्या वर्षाला पहिली हाणली. दगडूची चाल, दगडूचा हेल, फक्त आवाज बाईचा. दुसरी शिवी गावकऱ्यांना होती, ती त्यांनी आनंदानं अंगावर घेतली. मग ती थांबली आणि बोंब मारायला तिनं हात तोंडाशी नेला.

दगडूनं तो हात धरला. काखेतली पाटी काढून त्यानं लिहिलं, आणि होळीच्या उजेडात तिच्यापुढे धरली: ‘निवटी?’

कंपनीच्या यादीत निवटी कधीच नव्हती. परदेशातल्या त्या मशीनला निवटीही कळली नव्हती आणि नरडंही. ती समिधानंच काढली होती, आपल्या हातानं, आणि बाकीच्या शिव्या परत घातल्या तेव्हाही तिला बाहेरच ठेवलं होतं. गाठ निघालेल्या त्या नरड्याची शिवी बापाच्याच आवाजात घरात वाजावी, हे तिला सोसवत नव्हतं. आणि आळ घातला कंपनीवर, कारण त्या कंपनीवर काहीही खपतं.

“मीच काढली होती, बाबा,” ती म्हणाली.

दगडूनं पाटीवर बोट आपटलं. ठाऊक हाय, असं त्याचं तोंड हललं. मग त्यानं पाटी पुसून लिहिलं, ‘माजी हाय. दे.’

तिनं छाती भरून श्वास घेतला. गावाला कळावं म्हणून आधी नाव सांगितलं: फोन विकून किल्ली न देणाऱ्या कंपनीचं, आणि कुलूप लावून टिकट टाकायला सांगणाऱ्या तिच्या ऑफिसचं. मग उभ्या गावासमोर, बापाच्या हेलात, तिनं हाक दिली.

“तुमच्या नरड्यात निवटी नाचो.”

गावानं अशी बोंब ठोकली की खाडीपलीकडची कुत्री भुंकू लागली. गुणवंतही ओरडत होता, त्याचाही फोन तसलाच होता. मंदा ताट खाली ठेवून पालथ्या हातानं तोंड बडवत होती. आणि सगळ्यांच्या मध्ये दगडू भोईर, मूठ ओठांवर मारत, आवाजाशिवाय, सगळ्यांत जोरात.