सत्तेचाळीस नंबरचे बूट

मी पायपुसणं बोलतोय. हसू नका, ज्याच्यावर सगळे पाय देतात त्याला माणसं जरा जास्तच कळतात.

माझा जन्म हर्सूलच्या तुरुंगातला. ज्या कैद्याने मला काथ्यातून विणलं, त्याने काय केलं होतं ते त्याने कधी सांगितलं नाही. तोंड मिटून राहणं मी त्याच्याच हातांकडून शिकलो.

तिथून मी शहराबाहेरच्या एका अकादमीत आलो. पोरापोरींना वर्दीसाठी तयार करणारी ही संस्था. मला टाकलं मुलींचं ऐकून घेणाऱ्या करुणाताईंच्या खोलीच्या दाराशी. कुणी अंगावर हात टाकला, जबरदस्ती केली, तर मुलीने इथं यावं, बोलावं. नाव वहीत लिहायचं नाही, साहेबांना कळवायचं नाही, तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवायचं. करुणाताई शब्दाच्या पक्क्या.

पण एक चूक त्यांच्या हातून झाली, तीही मायेपोटी. मुलींना घरासारखं वाटावं म्हणून त्यांनी आत सतरंजी अंथरली आणि बूट बाहेर काढायला सांगितले. इथले सगळे बूट सारखे, म्हणून प्रत्येकीच्या बुटाच्या टाचेवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. आत नाव झाकलेलं आणि दाराबाहेर नंबर उघडा!

सत्तेचाळीस नंबर म्हणजे तहरीम, लासूर स्टेशन गावची. चार दिवस ती माझ्यावर नुसती उभी राहून परत गेली. पाचव्या दिवशी बूट काढून आत गेली. थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर येऊन उभं राहिलं. जड, न हलणारं. दार वाजवलं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो वाकला, टाचेवरचा नंबर बोटाने चाचपला, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना घट्ट बांधल्या आणि आला तसा निघून गेला. माझ्या काथ्यावरसुद्धा काटा आला, खोटं नाही सांगत.

तहरीम बाहेर आली. तिने गाठ बघितली. बूट तसेच हातात घेऊन अनवाणी गेली. नंतर कितीतरी दिवस आलीच नाही. अकादमी सोडायचा अर्ज तिने लिहून ठेवलाय, असं झाडणाऱ्या आवडाबाईंच्या कानावर आलं.

एका सकाळी आवडाबाईंनी मला झटकायला उचललं आणि तशाच आत गेल्या.

"ताई, ह्ये बघा. पोरींचं पालिश काळं असतंय. ह्ये तांबडं कुणाचं?"

तांबडे बूट इथं फक्त शिकवणारे उस्ताद घालतात.

"अन् त्या पोरीच्या बुटाला गाठ व्हती, म्या बघितली. नंबर वाचून गेलंय कुणीतरी."

करुणाताईंनी मला हातात घेऊन तो डाग बघितला. "चूक माझी आहे, आवडाबाई. मीच तिला दाराबाहेर उघडं ठेवलं."

त्याच दिवशी सतरंजी गुंडाळली आणि मला खोलीत, खुर्चीच्या पायथ्याशी आणलं. आवडाबाईंनी झाडता झाडता तहरीमच्या कानात सांगितलं, "ताई म्हणल्यात, बूट घालूनच ये."

ती आली. चिखलाचे बूट माझ्यावर ठेवून बसली. तोंड उघडते तोच दाराखालच्या फटीतला उन्हाचा पट्टा दोन जागी काळा झाला. दोन पाय. बाहेर आता वाचायला काहीच नव्हतं, तरी ते हलेनात.

करुणाताई उठू लागल्या. तहरीमने त्यांचा हात धरला. तिने दोन्ही पाय माझ्यावर घट्ट रोवले.

"ताई," ती दाराकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "सोडायचा अर्ज म्या फाडला. आता तक्रार लिवा. माझं नाव टाका. त्याचं मी सांगते."

फटीतलं ऊन पुन्हा सलग झालं. पाऊल मात्र वाजलं नाही.

माझ्यात आता कितीतरी जणींची माती आहे. कुठली कुणाची, ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. तूही दारापर्यंत येऊन परत जात असशील, तर आत ये, पोरी. बूट काढू नकोस.