भीती फक्त मराठीत

रघुरामरावांच्या हृदयाचा आलेख बिघडला तो चालता चालता. म्हणजे ट्रेडमिलवर. पट्टा जरा चढाला लागला आणि यंत्रातून निघणाऱ्या कागदावरच्या रेघा जिथं सरळ असायला हव्यात तिथंच खाली बसल्या. छातीत ना कळ, ना दडपण. डॉक्टर म्हणाले, "दोष असेल, नसेलही. अँजिओग्राम केला की खात्री होईल. गुरुवारी या, तारीख ठरवू."

असेल, नसेलही! एवढं वाक्य खिशात घालून माणसानं गुरुवारपर्यंत जगायचं तरी

*

कसं, तर असं. चेन्नईच्या मांबलम स्टेशनचा पूल चढताना मधेच थांबायचं आणि खालच्या गाड्या बघतोय असं दाखवायचं. गिंडीच्या पंपांच्या कारखान्यात, स्टोअर्सच्या टेबलाखाली, हळूच आपली नाडी धरायची. कुणी विचारलंच तर तमिळमध्ये छाती ठोकून सांगायचं, "काही नाही हो, ते यंत्रच जुनं होतं." छाती मात्र जरा बेतानंच ठोकायची.

आणि घरी आल्यावर, चपला काढता काढता, बायकोला, तुळसीला, मराठीत सांगायचं की आपल्याला

*

भीती वाटते.

*

तंजावरहून आलेल्या या घरांत मराठी म्हणजे आतली खोली. भाजीवाल्यासमोर घासाघीस किती करायची हे नवराबायको मराठीत ठरवतात. दुसऱ्याच्या लग्नातलं सांबार पाणचट झालंय हे पंगतीत बसून मराठीत बोलतात. बसमध्ये शेजारच्याच्या घोरण्याला नावं ठेवायची, तीही मराठीत. एवढ्या मोठ्या चेन्नईत आपलं बोलणं कुणाला कळत नाही, हा आजोबा-पणजोबांपासूनचा भरवसा. त्याच भरवशावर गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर बसून रघुरामराव चांगल्या खड्या आवाजात म्हणाले,

"मी डॉक्टरांना सांगणार, दिवाळीनंतर बघू."

"कुठल्या वर्षीच्या?" तुळसीनं विचारलं.

"तुला थट्टा सुचते. अगं, त्या टेबलावर मला आडवं केलं की मी संपलोच."

"हळू बोला."

"कशाला हळू? इथं कुणाला कळतंय? आणि तो समोरचा म्हातारा बघ. तोंड बघ त्याचं, एरंडेल प्याल्यासारखं. त्याच्याकडे बघूनच माझे ठोके चुकतायत."

तुळसीनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"तोंड जन्मापासून असंच आहे," म्हातारा म्हणाला. तमिळ हेल काढत, पण अगदी घरच्या मराठीत. "एरंडेल नंतर प्यालो."

*

(इथं रघुरामरावांनी भिंतीवरची 'शांतता राखा' ही तमिळ पाटी पहिल्यांदाच नीट वाचली.)

*

"अय्यो! माफ करा हो. मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं. मी परवा लिफ्टमध्ये एका बाईंच्या वजनाबद्दल बोललो. त्या कुंभकोणमच्या निघाल्या. आपल्याच." म्हातारा तुळसीकडे वळला. "मी दत्ताजीराव. तुझं माहेर कुठलं गं?"

मग काय! दोन मराठी माणसं चेन्नईत भेटली की नातं निघाल्याशिवाय उठत नाहीत. कुठली गल्ली, कुणाची नात, कुणाचं लग्न कुठं झालं, असं करत करत दत्ताजीरावांची बायको तुळसीच्या आईची चुलत बहीण निघाली.

"म्हणजे हे आमचे जावई!" दत्ताजीराव रघुरामरावांना आपादमस्तक न्याहाळत म्हणाले. आता त्यांना रागवायचा हक्कच मिळाला होता. "जावई, मीही त्या टेबलावर आडवा होऊन आलोय. तारीख घेऊनच बाहेर यायचं. दिवाळीचं नाव काढलंत तर संध्याकाळच्या आत तांबरमपासून तंजावरपर्यंत फोन जातील."

रघुरामरावांना हसू फुटलं. आणि हसता हसता, कित्येक दिवस जिभेवर असलेला प्रश्न निसटला.

"दुखतं का हो?"

"सुई टोचतात तेवढं. मग मांडीतून एक नळी वर सरकवतात, औषध सोडतात, आत गरम गरम वाटतं. मी जागाच होतो. पडद्यावर सगळं दिसतं. आपल्या तिकडं कावेरीला फाटे फुटतात ना, हुबेहूब तसं. माझा एक फाटा गाळानं भरला होता, तो त्यांनी मोकळा केला. तुमचा भरलेला नसेलही."

"असेल तर?"

"तर तोही मोकळा करतील. हे बघा, मी बसलोय ना तुमच्यासमोर?"

नर्सनं नाव पुकारलं. तुळसी उठायला लागली, तर रघुरामरावांनी तिला हातानंच बसवलं आणि एकटेच

*

आत गेले. डॉक्टर कागद चाळत होते.

"डॉक्टर, मला भीती वाटते," रघुरामराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तमिळमध्ये उच्चारलं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तमिळमध्ये ते फारसं मोठं वाटत नव्हतं. "शनिवारी जमेल?"

"जमेल," डॉक्टर म्हणाले. "भ्यायलात तरी जमेल."

*

बाहेर आले तर बाकावर निराळाच वाद रंगलेला. शनिवारी दवाखान्यात जेवण कुणी आणायचं? तुळसी म्हणत होती मी, दत्ताजीराव म्हणत होते माझी सून. आणि उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेल्या डांगर पच्चडीत हिंग किती, यावर दोघांचं मुळीच पटत नव्हतं.

"अहो, पण शनिवारी मला उपाशीपोटी यायचंय," रघुरामराव म्हणाले.

"तुम्हांला," दत्ताजीराव म्हणाले. "आम्हांला नाही."