दूर म्हणजे पाणी

मॉरिशसजवळ फ्रेंच आणि इंग्रज जहाजांची सकाळभर तोफाबाजी झाली. जिंकलं कुणीच नाही. फ्रेंचांनी समुद्रातून एक जखमी इंग्रज खलाशी तेवढा ओढून काढला. तो सारखा ‘दूर, दूर’ करत होता.

“भ्रमलाय बिचारा,” आचारी म्हणाला.

तोफेवरचा गुल्वेन मात्र थबकला. तो फ्रान्समधल्या ब्रेतान्य प्रांताच्या किनाऱ्यावरचा, आणि त्याच्या बोलीत दूर म्हणजे पाणी. जहाजावर ती बोली समजणारा एकटा येवान होता. तो तापाने गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून गुल्वेन तीत फक्त देवाशी बोलायचा.

त्याने पेला भरून आणला.

“काय रे, सोयरा लागतो का तुझा?” आचाऱ्याने टोमणा मारला.

कैदी इंग्रज नव्हे, वेल्सचा निघाला; त्याची बोली गुल्वेनच्या बोलीची लांबची बहीण. मीठ, मासा, घर असे पाचसहा शब्द जुळले, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी कैद्यांची अदलाबदल ठरली. गुल्वेनने हट्टाने होडीचं वल्हं मागून घेतलं आणि वाटभर आई, येवान, गावचं देऊळ, सगळं सांगून टाकलं. कैदी आपला मान हलवत राहिला.

इंग्रज जहाजाची शिडी चढून गेल्यावर त्याने कठड्यावरून मोठ्याने काहीतरी सांगितलं. गुल्वेनला एक अक्षर कळलं नाही. तरी त्याने उत्तर दिलं. होडी वळली तरी तो आपल्या बोलीत बोलतच राहिला, आणि वल्हेकऱ्यांपैकी कुणी त्याला हटकलं नाही.