फेस आला तिथे गळती

रखमाजी तात्यांचा ट्रक त्यांच्याच घरातून आरपार गेला आणि एक कपसुद्धा फुटला नाही. हे झालेलंच नाही, असं धरून पुढचं सांगतो.

कुंभारखिंडीच्या डोक्यावर आमची तपासणी चौकी आहे. घाट उतरणाऱ्या अवजड गाड्यांचे हवेचे ब्रेक मी बघतो. तात्यांच्या गाडीत फरशी भरलेली होती, आणि त्यांचं घर घाटाच्या शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या नाकासमोर. वळण बसलं तर गाडी घराला वळसा घालून जाते. नाही बसलं तर गाडी घरी जाते.

"लहान साहेब, नीट बघा हं," तात्या म्हणाले. "खाली आमची मंडळी पोळ्या लाटत असेल."

"मग ब्रेक नाही लागले तर गरम गरम मिळतील," मी म्हणालो.

तात्या हसले नाहीत. त्यांनी चाकाला दगड लावला आणि केबिनमध्ये चढून हँडब्रेक सोडला.

आमची पद्धत अशी. चालक वर पेडल दाबून हवेच्या दाबाचा काटा बघतो आणि मी चाकांमध्ये आडवा होऊन ऐकतो. हवा गळत असेल तर बारीक सुस्स येतं, म्हणून ऐकताना दोघांनीही श्वास धरायचा. तरी जागा सापडली नाही, तर नळ्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. फेस आला तिथे गळती. हवा पूर्ण गेली तर भीती नसते, चाकं आपोआप जखडतात. भीती अर्ध्या हवेची. पाहुणे 'निघतो, निघतो' म्हणत बसून राहतात, तशी अर्ध्या हवेवरची गाडी 'थांबते, थांबते' म्हणत जात राहते.

"दाबा!"

"दाबला!"

सुस्स.

"काटा?"

"पडतोय, साहेब."

मी एकेका सांध्याला साबण लावत मागे सरकलो. फेस कुठेच नाही. शेवटच्या धुऱ्यामागे आणखी एक धुरा निघाला. त्यालाही लावला. त्याच्यामागे आणखी एक होता. ट्रक लांबत चालला होता, पण लांबीची तपासणी दुसऱ्या खिडकीवर होते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बाहेर येऊन बघतो तर तात्यांचं घर घाट चढत होतं. वळणावर जरा दम खायचं, ओटा सावरायचं, पुन्हा निघायचं.

"तात्या, तुमचं घर वर येतंय."

"वरवंट्यासाठी येत असेल."

"कसला वरवंटा?"

"चाकाला लावलाय तो. घरचाच आहे. सकाळी निघताना हाताला तोच आला."

"चाकाखाली गोल वस्तू कोण लावतं हो?"

"घाईत काय चौकोनी बघत बसू?"

मी परत आत शिरलो. ब्रेक धड असल्याशिवाय ही गाडी मी सोडणार नव्हतो. घर खाली असो, वर येवो, नाहीतर पाणी प्यायला थांबो. ब्रश झटकला तेव्हा पाणी माझ्या शर्टावर उडालं आणि दुसऱ्या बटणापाशी चांगला लिंबाएवढा फेस आला.

मी श्वास सोडला. "पडला," तात्या म्हणाले.

मी श्वास घेतला. "चढला!"

गळती सापडली होती. आता इलाज सोपा होता. छाती भरून हवा घ्यायची, वर तळहात दाबायचा आणि सोडायची नाही. तसं केलं. काटा हिरव्यावर जाऊन बसला. तात्यांनी खबरदारी म्हणून हँडब्रेकही ओढला. गाडीला काही झालं नाही, माझे पाय मात्र गुडघ्यांपासून जखडले.

तोवर घर बंपरला येऊन टेकलं. दारात सगुणाकाकू उभ्या होत्या, पदराला पीठ.

"अहो, चटणी काय कपाळावर वाटू?" त्यांनी तात्यांना विचारलं आणि खाली वाकून चाकाखालचा वरवंटा काढून घेतला. मग मला म्हणाल्या, "साहेब, असे गाडीखाली का पडलात? चहा टाकू का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. त्या आत गेल्या. कपांचा आवाज आला.

घरामागोमाग उतारही वर आला होता. पुढची चाकं त्याच्यावर होती. मागची अजून बरीच लांब, बहुधा शेजारच्या तालुक्यात. गाडी किंचितही हलली नाही, कारण मी धरून आहे. फरशीसकट सगळं वजन मला छातीत कळतंय. पेलवतंय. काकू चहा गाळून, मागच्या दाराने बाहेर पडेपर्यंत पेलायचंच, असं मी ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं.

बोलता येत नाही, म्हणून हे एका हाताने लिहितोय.

आणि आत्ताच केबिनमध्ये तात्या खुसखुसले.

"गरम गरम मिळतील!" ते स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले. "अहो साहेब, आत्ता कळलं! ब्रेक नाही लागले तर गरम गरम... अगं ए, ऐकलंस का, साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणाले?" आतून काकू.

तात्या सांगायला लागले आहेत. सांगताना मध्येच हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. माझ्या दुसऱ्या बटणाखाली काहीतरी हुळहुळतंय. काटा थरथरतोय.

प्रति, मा. वरिष्ठ निरीक्षक. सदर विनोद मी कर्तव्यावर असताना केला आहे. तरी तो मागील तारखेपासून रद्द समजण्यात यावा, व तसे काकूंपर्यंत तो पोहोचण्यापूर्वी कळवावे, ही नम्र विनंती.