कुंकू लागलेला पासपोर्ट

मी स्वरूपाचा पासपोर्ट. निळा, बारका, आणि सध्या आतून लालसर. लाल कसा झालो, तेच सांगायचंय.

सणसरला माहेरी असताना तिनं मला काढलं. जायचं कुठंच नव्हतं. असावा एक, एवढंच कारण. लग्नानंतर दागिन्यांच्या पिशवीतून मी काटेवाडीला आलो आणि दागिन्यांबरोबरच सासूबाईंच्या, जयवंताबाईंच्या, कपाटात गेलो. नव्या सुनेचं किमती ते सासूच्या किल्लीखाली, अशी त्या घरची रीत. स्वरूपाला कुणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

मग थायलंडची सहल ठरली. निघताना जयवंताबाईंनी मला पाटावर घेतलं आणि नव्या ट्रॅक्टरला वाहतात तसं मधल्या कोऱ्या पानावर हळद-कुंकू वाहिलं. म्हणाल्या, "सोनं आन् ह्ये, अंगावेगळं करायचं न्हाय."

तिथं उतरल्यावर शिक्का नेमका त्या कुंकवाशेजारी बसला.

बोटीनं बेटावर जायच्या दिवशी गाइड म्हणाला, झेरॉक्स जवळ ठेवा, पासपोर्ट खोलीच्या लॉकरात. स्वरूपालाही ते पटलं, तसं ती हळूच बोलली. तिचा नवरा राजवर्धन म्हणाला, "लॉकरची दुसरी किल्ली हाटेलवाल्यांकडं आसतीय की. दुसऱ्याच्या किल्लीत आपली वस्तू कोन ठेवतंय?"

त्याला घरचं कपाट काही आठवलं नाही.

दोन्ही पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये गेले. त्याच्या पासपोर्टला प्लास्टिकचं कव्हर होतं, मी तसाच. फोटोसाठी तो गुडघाभर पाण्यात उतरला; लाट छातीपर्यंत आली. माझ्यातलं कुंकू सुटलं आणि शिक्क्यावर पसरलं.

परतताना विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं ते पान उलटून पाहिलं, शेजारच्यालाही दाखवलं. राजवर्धन केव्हाच पलीकडं गेला होता, तिथून खाणाखुणा करत होता. रांग सरकत होती, विमानाची वेळ होत आली होती, आणि ही अलीकडं एकटी. भाषा कळेना. शेवटी तिनं दोन्ही हात समोर ठेवले: मेंदी उतरत आलेली, मनगटभर हिरवा चुडा. मग कपाळावर बोट टेकवलं, तेच बोट माझ्या पानावर.

साहेबानं पान उजेडात धरलं, लालीखालची तारीख वाचली आणि शिक्का मारला.

पलीकडं राजवर्धननं पाऊच उघडलं. "आन हिकडं."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझा माझ्याजवळ ठेवते."

पान असं लाल झाल्यामुळं आता मी बाद व्हायचा आहे. नवा आला की माझा कोपरा कापतील. परवा जयवंताबाईंनी विचारलं, नवा कपाटात देशील ना? स्वरूपा म्हणाली, "देईन की, आत्या. किल्ली तेवढी एक माझ्याकडं बी ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी जयवंताबाईंनी बारामतीहून दुसरी किल्ली करून आणवली.

तेव्हा फिरताना आम्हाला अंगावर बाळगा किंवा कुलपात ठेवा. ज्या देशात जाल तिथली रीत विचारून ठरवा. फक्त त्याआधी, ज्याचं नाव आत आहे त्याला विचारा.