हिरव्या दिव्यावर भरवसा नसलेला फळा

मी एक जुना फळा आहे. लगेच तोंड वाकडं करू नका मित्रांनो, शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत. मी गॅरेजातला. अंगावर काळे-पांढरे चौकोन, चाकांचा स्टँड, बस्स. हल्लीच्या गाड्यांना काचेमागे कॅमेरा असतो ना, पुढे माणूस आला की आपणहून ब्रेक लावणारा? गाडी ठोकली, काच-बंपर बदलले, की त्याची नजर हलते. मग गाडी माझ्यासमोर आणतात. माझे चौकोन बघून तो परत सरळ बघायला शिकतो.

आधीच सांगून ठेवतो, मी कुणावर विश्वास ठेवत नाही. स्वतःवरसुद्धा नाही. नवा होतो तेव्हा सगळे मला हात पुसून धरायचे. पण एकदा कुणीतरी मला पाडलं, गुपचूप उभं केलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. माझा एक कोपरा केसभर वाकला होता. तीन दिवस मी गाड्यांना तिरकं शिकवत होतो आणि मशीन आपलं प्रत्येक गाडीला 'पास' म्हणत होतं! शेवटी ओळंबाताईने दोरी लावून मला पकडलं. त्या तिन्ही दिवसांच्या गाड्या तिने परत बोलावल्या.

ओळंबाताई म्हणजे आमच्याकडची मोजणीवाली. हातात कायम ओळंबा, म्हणून हे नाव. दोरीला वजन बांधून गाडीचा मध्य जमिनीवर उतरवते, तिथून टेप धरते, खडूने फुली मारते, मग मला फुलीवर उभं करते. त्यानंतर नवा चकचकीत फळा आला आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वर टायर टेकवले. दोन वर्षं! त्या चकचकीताला जुन्या गाड्या जमेनात, तेव्हा यांना माझी आठवण झाली. असली माणसं.

तर परवा एक फरशीवाला आला. त्याच्या गाडीचं पुढचं पत्र्याचं काम झालं होतं, काचही नवी. त्याला घाई होती.

"ताई, उद्यापासून बायको चालवणार आहे. पोरांना शाळेत सोडायला. पहिल्यांदाच एकटी जाणार. कॅमेरा नीट करा हं, तेवढाच आधार."

"डिकी रिकामी आहे ना?" ताईने विचारलं. डिकीत ओझं असलं की गाडी मागून खाली बसते, नाक वर करते, आणि सगळं मोजमाप बोंबलतं.

"रिकामी म्हणजे काय, मैदान आहे मैदान!"

तो जरा जास्तच पटकन बोलला. मला तिथेच खटकलं. ताईने डिकी उघडली. गालिचा सपाट, वर काहीच नाही. चाकांची हवा बघितली, ओळंबा सोडला, मला फुलीवर आणलं. कॅमेरा माझ्याकडे बघायला लागला, तर मला वाटलं, हा माझ्या छातीकडे बघायचं सोडून कपाळाकडे काय बघतोय?

मशीनवर हिरवा दिवा लागला. पास.

"झालं!" फरशीवाला किल्लीसाठी हात पुढे करून उभा.

ताई हलली नाही. पडद्यावरचा आकडा हद्दीच्या आत होता, पण अगदी काठावर. तिने पुढच्या चाकावरच्या फटीत बोटं घातली. चार. मागच्या फटीत घातली. जेमतेम दोन.

"जुनी गाडी आहे, स्प्रिंगा बसल्या असतील," आमच्या गॅरेजातले रंगारीकाका लांबून म्हणाले. "अगं, सोड की आता. तुला तर सावलीचापण संशय येतो."

"मशीन पास म्हणतंय आणि तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" फरशीवाला तडकला.

"मशीनवर घेतेय. थोडा तुमच्यावरपण. जरा स्टेपनी दाखवा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "स्टेपनी... घरी आहे."

"मग तिच्या खड्ड्यात काय आहे?"

ताईने गालिचा उचलला. खाली फरशी चिकटवायच्या पावडरीच्या चार गोण्या आणि फटीफटीत फरशांचे तुकडे, असे घट्ट बसवलेले की बघत राहावं. कारागीर बाकी पक्का!

"अहो, ते कायम तिथेच असतं," तो पुटपुटला. "माझ्या लक्षातच नाही राहिलं."

"आणि उद्या वहिनी चालवणार तेव्हा?"

"तेव्हा काढणारच आहे ना. पोरांची दप्तरं ठेवायला."

"म्हणजे ओझं ठेवून शिकवायचं आणि ओझं काढून चालवायचं. तुम्ही फरशी बसवता ना? खाली खडा राहिला आणि वरून गुळगुळीत दिसली, तर पास म्हणाल?"

तो स्वतःच गोण्या उतरवायला लागला. एकेक गोणी निघाली तशी गाडी मागून उठत गेली.

सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी कॅमेऱ्याने बरोबर माझ्या छातीकडे बघितलं. आकडा हद्दीच्या मधोमध आला. आणि दिवा? तोच. हिरवा. पास.

फरशीवाला त्या दिव्याकडे बघतच राहिला. "मघाशीपण हेच म्हणालं होतं."

"हो."

"मघाचंच ठेवलं असतं तर?"

ताईने त्याला गाडीपुढे उभं केलं आणि स्वतः मोठ्या पावलांनी लांब गेली. "माणूस तुमच्या जागी असता, आणि कॅमेऱ्याला वाटलं असतं इथे आहे. ब्रेक तेवढा उशिरा लागला असता."

त्याने मधली पावलं नजरेने मोजली. मग हळूच म्हणाला, "ताई, बायकोला सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा."

त्या रात्री त्याने गाडी गॅरेजातच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती न्यायला त्याची बायको स्वतः आली. किल्ली घेतली, पण आत नाही बसली. आधी मागे गेली, डिकी उघडली, गालिचा उचलून खड्ड्यात बघितलं. ताई हसली. मला ती बाई फार आवडली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला आपटू नका, माझ्यावर टायर टेकवू नका, आणि माझ्याकडून काम करून घेण्याआधी मलाही तपासा. हिरवा दिवा दिसला तरी एकदा गालिचा उचला.

आत्ता तुम्ही 'हो' म्हणालात. बघू.