उपचाराची चिठ्ठी

आमच्या शाळेत सोयी भरपूर होत्या, फक्त त्या कुणाच्या हाती लागत नसत. वाचनालय होतं, ते मुख्याध्यापक शालिग्राम सरांच्या कुलूपबंद कपाटात. डोळे तपासायला डॉक्टर यायचे, ते नेमके सुट्टीच्या दिवशी. सुरतेच्या लिंबायतमधली मराठी शाळा ही. पोरं सगळी कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांची. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. मी नंदुरबारहून आलेली. इथे पोरांची मी 'बेन' झाले आणि त्यांच्या आयांची 'बाई'.

पंचाण्णवच्या जानेवारीत वरून गुजराती परिपत्रक आलं. वाचनात कच्च्या मुलांसाठी रोज सकाळी शाळेआधी एक तास 'उपचारात्मक वर्ग' घ्यायचा. सर म्हणाले, "जयश्रीबेन, पालकांना मराठीत चिठ्ठ्या लिहा." गुजरातीत उपचारात्मक, मराठीतही उपचारात्मक. भाषांतराचे कष्ट वाचले म्हणून मी खूशच झाले. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. त्या मोत्यांच्या तेरा चिठ्ठ्या मी केल्या.

बारा मुलांना तोंडीही सांगितलं. तेरावी सुषमा. चौथीत होती, आणि फळ्यावरची ओळ वाच म्हटलं की खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. वर्गाची खरी गरज तिलाच होती. त्या दिवशी ती पडशामुळे आली नव्हती, म्हणून शेजारच्या पल्लवीजवळ चिठ्ठी धाडली.

सोमवारी बारा जण आले. सुषमा नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. माझा राग तसाही चुलीवरच असतो. एवढी सोय दारात आली आणि यांना लेकरू तासभर आधी पाठवायला जड जातं, असं पुटपुटत बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घराकडे निघाले. चार शब्द सुनवायचे ठरवूनच निघाले होते.

चाळीत शिरले तर सुषमाच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा. तिची आई उषाबाई पदर नाकावर धरून उभी. आत कोपऱ्यात गोणपाटावर सुषमा, तिच्यापुढे तिची वेगळी थाळी नि वेगळा पेला. दाराशी कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली.

"या बाई, पन दूरच बसा," उषाबाई म्हणाल्या. "रोज सकायले एक गोई दी राह्यनी तिले. आज सांजनी गाडीवर अमळनेरले धाडी देस, मना मायकडे."

गोळी कुठली म्हणून पाहिलं तर टेट्रासायक्लिन. चार महिन्यांपूर्वी प्लेगच्या भीतीने अख्ख्या सुरतेने गिळल्या, त्यातल्याच डब्यात उरलेल्या.

"अहो, पण तिला झालंय काय?"

"ते तुमले म्हाईत. चिठ्ठी तुमनीच उनी ना?"

त्यांनी देव्हाऱ्यामागून माझी चिठ्ठी काढली. मोती जागच्या जागी होते. 'आपली मुलगी सुषमा हिची निवड उपचारात्मक वर्गासाठी झाली आहे.'

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा हसू आलं, आणि कोपऱ्यातल्या पोरीचा उतरलेला चेहरा पाहून ते लगेच गेलंही. मी सांगितलं, की हा उपचार दवाखान्यातला नाही, ही शिकवणी आहे. पोरीला पडसं झालं होतं, दुसरं काही नाही.

"मंग शिकवनी लिखतात ना, बाई. उपचार कसाले लिखं?"

माझी चूक दिसली की मी आधी दुसऱ्याची शोधते. मी विचारलं, "ही चिठ्ठी तुम्हाला कुणी वाचून दाखवली? पुढचं का नाही वाचलं त्याने?"

"सुषमानी वाची. तिना बापले नि माले कोठे येस?"

मी सुषमाकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "बेन, 'उपचारा'लगून वाचं. पुढलं अक्षर जमनं नही."

पुढचं अक्षर 'त्म'. जोडाक्षर. तेच तर शिकवायला बोलावलं होतं तिला.

पण माझं समजावणं उषाबाईंना पटलं तरी चाळीला पटायला हवं होतं. दाराबाहेर पाच-सहा बायका जमल्या होत्या. तीन दिवस त्यांनी सुषमाच्या घरच्या हंड्याला नळावर सगळ्यांत शेवटी लावलं होतं. पुढे होत्या सरलाबाई, पल्लवीची आई. त्या म्हणाल्या, "बाईनं काय, बाई घर चालनी जाई. नळ ते आमना शे. आमले पोरेसोरे शेतस."

उषाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मलाही कळत होतं, की पोर एकदा गावी गेली की आजीच्या हाताखाली राबणार. जून आला तरी तिला परत आणायला कुणाला सवड होणार नाही. चौथीतच तिची शाळा संपणार होती, आणि ती माझ्या चिठ्ठीने.

मला उष्टं चालत नाही. नवऱ्याच्या कपातला चहासुद्धा मी घेत नाही. पण मी गोणपाटावर सुषमाशेजारी बसले, तिचा अर्धा प्यालेला पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत घटाघट रिकामा केला. मग तिच्या थाळीतला भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. भाकरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची होती, चांगली खमंग. मी दुसराही तुकडा घेतला.

बाहेर कुजबुज झाली. थोड्या वेळाने सरलाबाई आत आल्या, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, चहा टाकू का?" म्हणजे निकाल लागला.

चहा होईतो मी चिठ्ठीच्या पाठीमागे नवी चिठ्ठी लिहिली, एकही जोडाक्षर न घालता. 'सुषमाला रोज सकाळी आठ वाजता शाळेत पाठवा. तिला वाचायला शिकवायचं आहे.' ती मी उषाबाईंना न देता सुषमाला दिली. तिने ओळीखाली बोट धरलं. 'वाजता'पाशी अडखळली, 'शिकवायचं'पाशी थांबली, पुन्हा मागे गेली. पण शेवटपर्यंत पोचली, आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पोचली.

उषाबाईंनी नाकावरचा पदर काढून डोळ्यांना लावला. "सा महिना व्हयनात, तुमी सांगतस पोरले वाचता येत नही," त्या म्हणाल्या. "पह्यलांदाच तिनी माले काहीतरी वाची दखाडं, आन् त्यानाच करता मी तिले घरमाईन काढी देत व्हती."

मला फार लाज वाटली. सुषमाने मात्र चिठ्ठी पुन्हा हातात घेतली होती आणि ती पहिल्यापासून वाचू लागली होती.